लल्ला बतूलचा कमरपट्टा

१

पेटीचं झाकण उघडलं आणि नवरीची सासू लल्ला कंझा हिने अशी किंकाळी फोडली, की दाराबाहेर थांबलेला तिचा नवरा हातातल्या तांब्यासकट आत धावला.

"पट्टा कुठाय? अगं, पट्टा कुठाय?"

अक्रोडाच्या पेटीत लाल मखमल होती. मखमलीवर नवरीच्या सात सोन्याच्या बांगड्या जशाच्या तशा होत्या. त्यांच्या शेजारी, जिथे अख्ख्या फेझ शहरातला सगळ्यात नावाजलेला कमरपट्टा असायला हवा होता, तिथे नुसता खळगा होता.

नवरीच्या कमरेला सहा दिवस काही बांधायचं नाही. सातव्या दिवशी सासऱ्याने आपल्या हाताने कमरपट्टा बांधायचा, तेव्हा ती घरची सून. तोवर ती पाहुणी. चुलीला हात लावायचा नाही की पाणी भरायचं नाही. आज नवरीचा, हनियाचा, सातवा दिवस होता. बायका जमल्या होत्या, खजूर आणि दूध फिरवून झालं होतं, सासरा सी थामी हात धुऊन तयार उभा होता. आणि ऐनवेळी हे!

बरं, पट्टा नवरीचाही नव्हता. तो लल्ला बतूलचा. मोहल्ल्यात कुणाचीही मुलगी उजवायची असो, कातडी कमावणाऱ्याची असो नाहीतर काझीची, कमरेला पट्टा लल्ला बतूलच्या घरचाच. मागायला गेलेल्याला ती रिकाम्या हाताने परत पाठवत नाही, असा तिचा लौकिक होता. वर पट्टा ठेवायला स्वतःची पेटीही द्यायची.

"किल्ली कुणाच्या गळ्यात होती?" लल्ला कंझा गरकन वळली. "तुझ्याच ना?"

नवरी नटवणारी रक्कुश कोपऱ्यात उभी होती. काटकुळी, मेंदीने बोटं कायमची तांबूस झालेली, वीस वर्षं दुसऱ्यांच्या मुली सजवत आलेली बाई. ती म्हणाली, "माझ्याच, लल्ला."

"मग?"

"मग काय? किल्ली आहे, पट्टा नाही."

"ऐका! तोंड बघा हिचं!"

दोघीतिघींनी तिला धरून जिन्याखालच्या लाकडांच्या खोलीत कोंडलं. लल्ला कंझा पोलिसांना बोलवायला निघाली होती, पण सी थामीने तिचा हात धरला. सून येऊन आठवडा नाही झाला आणि दारात पोलीस? चारचौघांत नाक कापलं जाईल. सोन्याची भानगड आहे, तर आधी सोनारांच्या अमीनला बोलवू.

"बोलवा," लल्ला कंझा म्हणाली. "पण असरच्या बांगेपर्यंत. उन्हं उतरली आणि पट्टा मिळाला नाही, तर ही बया पोलिसांच्या हवाली. मग बघू कोण तिला आपल्या घरात पाऊल टाकू देतं!"

२

सोन्याचा वीट आलेला माणूस पाहायचा असेल तर सी तय्यबकडे पाहावं. एकोणीस वर्षं तो सोनारांचा अमीन, म्हणजे त्यांचा मुखिया आणि पंच, होता. कुणाच्या बांगडीत भेसळ, कुणाचा डुलांवरून तंटा, कुणी बापाच्या मयताआधीच आईचे दागिने वाटून घेतलेले; सगळं त्याच्या ओट्यावर यायचं. गुडघे गेले होते. दर रमजानला तो म्हणायचा, मला मोकळं करा. दर रमजानला सोनार म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू.

चढणीची गल्ली चढून तो सी थामीच्या घरी आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"पाणी द्या," तो म्हणाला. "मग रडा."

त्याने पेटी मांडीवर घेतली. कुलूप शाबूत होतं, एक ओरखडा नाही. बिजागऱ्या धड. बांगड्या त्याने एकेक उचलून पाहिल्या आणि पुन्हा ठेवल्या.

"ह्या कुणाच्या?"

"हनियाच्या बापाने घातलेल्या," लल्ला कंझा म्हणाली. "कुलपाची पेटी होतीच, म्हणून माहेरीच ह्यात ठेवून पाठवल्या. चांगल्या भरीव आहेत हो. तसा बाप दिसायला फाटका, पण..." तिने पुढचं गिळलं.

"आणि पट्टा? तुम्ही पाहिला होता?"

"मी कशी पाहीन? सातव्या दिवसाआधी सासरच्या माणसाने त्याला हात लावायचा नाही. नवरीच्या माहेरी, निघताना सगळ्या बायकांसमोर पेटी उघडून दाखवली होती. लखलख करत होता म्हणे. इकडे आल्यापासून पेटी बंद, नवरीच्या उशाशी."

"उशाशी कोण कोण गेलं?"

"मी रोज जायचे. हनियाच्या माहेरच्या दोघी आल्या होत्या. काल लल्ला बतूल स्वतः येऊन गेली, बिचारी. नवरीच्या डोक्यावर हात ठेवायला. केवढं मोठं मन! मघाशी निरोप पाठवला तर काय म्हणाली माहितीये? 'गेला तर गेला, नशिबात नव्हता. भरपाई नको, पोलीस नको, मुलीचा दिवस खराब करू नका.' ह्याला म्हणतात घराणं. आणि ही रक्कुश! खायची भ्रांत, दुसरं काय होणार?"

सी तय्यबने बांगड्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं. त्याच्या कपाळाला आठी पडली होती.

"लल्ला," तो म्हणाला, "तुम्ही चोर असता तर काय नेलं असतं?"

"अय्या, मी कशाला चोर असेन?"

"समजा हो. ह्या बांगड्या कुठेही मोडता येतात, कुणी विचारत नाही. तो पट्टा मात्र फेझमधलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. तो विकायला माझ्या बाजारात आणला असता तर तासाभरात माझ्यापर्यंत बातमी आली असती. मग चोराने बांगड्या ठेवल्या आणि पट्टा का नेला?"

सी तय्यब गुडघ्यावर हात टेकत उठला आणि जिन्याखालच्या खोलीकडे गेला.

३

आत रक्कुश लाकडाच्या मोळीवर बसली होती. रडून डोळे सुजले असतील असं त्याला वाटलं होतं. तसं काही नव्हतं.

"तू घेतलास?"

"नाही."

"मग कुणी?"

"तुम्ही अमीन. शोधा."

"अगं बाई, मी तुझ्या बाजूने विचारतोय. असरला पोलीस येतील. तुला कळतंय ना?"

"कळतंय. एकदा पोलिसांनी नेलं की सुटले तरी चोरच. कोण आपली मुलगी माझ्या हाती देईल? मला दुसरं काही येत नाही."

"काल लल्ला बतूल आली तेव्हा खोलीत कोण होतं?"

"मी धुणं वाळत घालायला गच्चीवर होते. हनिया होती. लल्लांनी तिला गुलाबपाणी आणायला पाठवलं."

"म्हणजे लल्ला बतूल एकटीच होती."

रक्कुशने मोळीतली एक काटकी उपसून मोडली.

"हा पट्टा तू किती लग्नांत हाताळलास?"

"सगळ्याच. सातव्या दिवशी पेटीतून मीच काढते, पुसते, सासऱ्याच्या हातात देते."

"जड असेल चांगला."

तिने वर पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही कधी हातात घेतला नाही, अमीन?"

"नाही."

"हं," रक्कुश म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून बसली. पुढे काय विचारलं तरी ती एक शब्द बोलली नाही.

अंगणात हनियाचा बाप, हाजी अल्लाल, येऊन बसला होता. कोपरावर ठिगळ लावलेला झगा, टाचा झिजलेल्या चपला. लोकरीचा व्यापार करायचा. त्याला न ओळखणाऱ्याने वाटेत हातावर नाणं ठेवावं असा अवतार.

"सी तय्यब, हा तमाशा मिटवा," तो म्हणाला. "मी पट्टा उसना आणला, जबाबदारी माझी. तेवढ्याच वजनाचा नवा घडवून देतो लल्ला बतूलला. सी थामी स्वतः सोनार आहेत, तेच घडवतील. वजन तेवढं विचारून या."

"तुम्ही मागितला कधी?"

"माझ्या नातवाच्या सुंतेच्या जेवणात. सगळ्यांसमोर म्हटलं, लल्ला, माझ्या हनियाच्या कमरेला तुमच्याच घरचा पट्टा हवा. दोन क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, हक्काने न्या."

"दोन क्षण गप्प राहिली?"

"हो. का हो?"

सी तय्यब लल्ला बतूलच्या घराकडे निघाला. चालता चालता त्याला स्वतःच्या पुतणीचं लग्न आठवलं. तीन वर्षं झाली. तेव्हा लल्ला बतूलने निरोप धाडला होता, पट्टा उजळायला दिलाय, माफ करा. पण कुठल्या सोनाराकडे? फेझमधला प्रत्येक सोनार त्याच्या हाताखालचा. तिचा पट्टा उजळायला आला असता तर ज्याच्याकडे आला त्याने महिनाभर फुशारकी मारली असती. तसं कुणीही बोललं नव्हतं.

गल्लीच्या मध्यावर तो थांबला आणि भिंतीला टेकला. त्याला उलगडा झाला होता, आणि त्याला जराही आनंद झाला नव्हता.

४

लल्ला बतूलने त्याला दिवाणखान्यात बसवलं. जरीच्या गाद्या, चांदीची चहादाणी, ताटलीत बदामाच्या वड्या. तिने त्याच्यापुढे ताटली सरकवली. स्वतः एकही उचलली नाही.

"सापडला का हो?" तिने विचारलं. साठीची बाई, ताठ कण्याची, बोलताना हनुवटी किंचित वर.

"हाजी अल्लाल नवा घडवून देणार म्हणतात. वजन किती होतं?"

"वजन?" ती हसली. "आम्ही काय वाण्याचं घर आहे? वजन कोण लक्षात ठेवतं!"

"लल्ला, ज्या घरात सोनं असतं त्या घरातल्या बाईला झोपेतून उठवून विचारलं तरी वजन सांगते. वजन विसरायला होतं ते सोनं गेल्यावर."

चहा ओतता ओतता तिचा हात थांबला.

"काय म्हणायचंय तुम्हाला?"

"म्हणायचं नव्हतं. पण जिन्याखाली एक बाई कोंडलीय, म्हणून म्हणतो." सी तय्यबने कप खाली ठेवला. "चोराने बांगड्या सोडल्या. म्हणजे त्याला सोनं नको होतं, तो पट्टा नाहीसा व्हायला हवा होता. का? तर आजवर तुमचा पट्टा कातडीवाले, विणकर, काझी, मुल्ला अशांच्या हातात गेला. सोनाराच्या हातात एकदाही नाही. माझ्या पुतणीच्या वेळी उजळायला गेला होता, पण माझ्या बाजारात तो कुणीच उजळला नाही. आज तो सी थामी बांधणार होता. तीस वर्षं सोनं जोखणारा हात. पट्टा तळव्यावर येताच त्याला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"की तो पितळेचा आहे."

बाहेर गल्लीत एक गाढव घुंगरं वाजवत गेलं.

"तुम्हाला नाही म्हणता येईना, कारण हाजी अल्लालने सगळ्यांसमोर मागितला. देता येईना, कारण सी थामी सोनार. मग उरलं काय? चोरी. पेटी तुमची, दुसरी किल्ली तुमच्याकडे. काल गेलात, मुलीला गुलाबपाण्याला पाठवलंत, आणि पट्टा झग्याच्या आत कमरेला बांधून घरी आलात. बांगड्याही नेल्या असत्यात तर मी फसलो असतो, लल्ला."

"दुसऱ्याच्या वस्तूला मी हात लावत नाही!" ती ताडकन म्हणाली. आणि मग तिला कळलं आपण काय बोलून गेलो ते.

तिने डोळे मिटले. बोलली तेव्हा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

"आमचा रेशमाचा धंदा बसला तेव्हा खरा पट्टा विकला आणि तसाच पितळेचा करून घेतला. कासाब्लांकाला जाऊन, जिथे कुणी ओळखत नाही तिथे. नवऱ्याचं औषधपाणी झालं. उरलेल्यातून दर शुक्रवारी दारात गरिबांना जेवण वाढत राहिले. ते बंद केलं असतं तर लोक काय म्हणाले असते? वरच्या मजल्यावर या, दाखवते. एक गादी नाही. हा एक दिवाणखाना राहिलाय. बडा घर पोकळ वासा म्हणतात ना, ते माझं घर."

"आणि रक्कुश?"

"रक्कुशचं काय जाणार?" लल्ला बतूल म्हणाली. "चार दिवस बोलतील, विसरतील. मी पोलीस नको म्हटलंय ना? माझं नाव गेलं तर चार पिढ्यांचं जातं. तिच्याकडे जाण्यासारखं आहे काय?"

सी तय्यबला संताप आला. फार दिवसांनी आला. "तिच्याकडे एकच गोष्ट आहे, आणि ती तुम्ही घेताय. तिने तो पट्टा वीस वर्षं हातात धरलाय. तिला ठाऊक नसेल असं वाटतं तुम्हाला? एक शब्द बोलली असती तर सुटली असती. तुमची झाकली मूठ तिने झाकलेली ठेवलीय, लाकडांच्या खोलीत बसून. इमान म्हणतात ह्याला. पितळेला नाही."

लल्ला बतूल पांढरीफटक पडली.

"असरच्या बांगेनंतर मी बोलेन," तो उठत म्हणाला. "नाहीतर तुम्ही बोला. तेवढी सवड देतो."

५

असरची बांग झाली. सी थामीच्या अंगणात सगळे जमले. रक्कुशला बाहेर आणून खांबापाशी उभं केलं होतं. हनिया, बिनपट्ट्याची, खाली मान घालून गादीवर बसली होती.

"झालं ना, अमीन?" लल्ला कंझा म्हणाली. "काही निष्पन्न नाही. आता पाठवते मी पोलिसांना निरोप."

"थांबा," सी तय्यब म्हणाला आणि उठला. काय बोलायचं ते त्याने वाटेत जुळवलं होतं, पण जीभ रेटेना. एका बाईला वाचवायचं म्हणजे दुसरीला भर अंगणात उघडं पाडायचं. असल्या निवाड्यांचाच त्याला वीट आला होता.

तेवढ्यात दार वाजलं.

लल्ला बतूल आत आली. अंगावर ठेवणीतला झगा, आणि त्यावर, सगळ्यांना दिसेल असा, तो पट्टा. बायकांनी श्वास रोखले. ती सरळ सी थामीपाशी गेली, पट्टा सोडला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला.

सी थामीने तळवा एकदाच खालीवर केला. त्याने अमीनकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"बोला ना," लल्ला बतूल म्हणाली. "नाही? मग मी बोलते. पितळ आहे. अकरा वर्षं तुमच्या मुलींच्या कमरेला मी पितळ बांधत आले. काल पेटीतून मीच काढून नेला. रक्कुशने काही केलेलं नाही."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. लल्ला कंझा "या अल्लाह" म्हणत मटकन बसली. हाजी अल्लाल मात्र पुढे आला.

"लल्ला, मला सांगायचं होतं हो! हनियासाठी सी थामींकडून मी कधीच पट्टा घडवून ठेवलाय. अस्सल. घरी कपाटात पडलाय."

"मग माझा का मागितलात?"

"तुमच्या मानासाठी! तुमचा सोडून माझा बांधला असता तर लोक म्हणाले असते, अल्लालला पैशाची मस्ती आली आणि लल्ला बतूलला आता कुणी विचारत नाही. तुमचे दिवस फिरलेत असं ऐकत होतो. म्हटलं, निदान हा मान तरी राहावा."

लल्ला बतूल त्याच्या ठिगळाकडे पाहत राहिली. "म्हणजे मी नाही म्हटलं असतं तर चाललं असतं?"

"चाललं असतं, लल्ला."

ती खाली बसली. हसावं की रडावं हे तिला कळत नव्हतं, आणि दोन्ही थोडं थोडं झालं. मग तिने खांबापाशी उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं.

"रक्कुश, तुला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी कळलं. निम्मं वजन कमी झालं होतं."

"आणि तू माझ्यासाठी गप्प बसलीस? तुरुंगात गेली असतीस, वेडे!"

"तुमच्यासाठी?" रक्कुशला खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. "मी कशाला तुमच्यासाठी गप्प बसू? तुमच्यापायी तर मला कोंडलं. मी सकाळी म्हटलं असतं की पट्टा पितळेचा आहे, मी कशाला चोरू, तर ह्या अंगणात कुणाचा विश्वास बसला असता? चोर ती चोर वर शिरजोर, लल्ला बतूलच्या सोन्याला नावं ठेवते, म्हणून आधी थोबाडीत बसली असती. अमीन आले तेव्हा वाटलं, ह्यांनी तरी विचारावं की खरा आहे का खोटा. त्यांनी विचारलं, जड आहे का?"

लल्ला कंझाने ओढणीआड तोंड लपवलं. सी तय्यब दुपारभर त्या गप्प बसण्याला इमान म्हणत आला होता, छाती फुगवून सांगूनही आला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"रक्कुश," तो म्हणाला, "माझं चुकलं. आता काय करू सांग."

"माफी नको," ती म्हणाली. "ह्या अंगणाबाहेर सकाळपासून अख्ख्या मोहल्ल्यात झालंय की रक्कुश चोर. मी दारोदार जाऊन नाही म्हटलं तर लोक हसतील. तुम्ही अमीन आहात. तुम्ही बाहेर जाऊन सांगा. मोठ्याने सांगा."

"आत्ता?"

"आत्ता."

सी तय्यबने चपला पायांत सरकवल्या. हाजी अल्लाल त्याला आधार द्यायला पुढे झाला, पण त्याने हात बाजूला केला. तो चढणीच्या गल्लीत आला, पहिल्या कोपऱ्यावर तेलवाल्याच्या दुकानासमोर उभा राहिला आणि दम खाऊन ओरडला, "ऐका हो! मी सोनारांचा अमीन सांगतोय, रक्कुशने चोरी केलेली नाही!"

दुकानातून दोघं बाहेर डोकावले. वरच्या खिडकीतून एका बाईने विचारलं, "नक्की का हो, अमीन?"

"नक्की," तो म्हणाला, आणि गुडघा चोळत पुढच्या कोपऱ्याकडे निघाला. गल्ली लांब होती आणि अजून बरेच कोपरे बाकी होते.